हयातीचा फोटो

"कोणत्या भिंतीवर लावली नोटीस, तेवढं दाखवा भाऊसाहेब," सुकेशनी म्हणाली. आदिनाथ ग्रामसेवकानं खुर्ची दाखवली होती, पण ती बसली नाही. तिला बसायचंच नव्हतं.

सकाळी विहारामागच्या मोकळ्या जागेत जेसीबी उतरला होता. तीन वर्षं वस्ती त्या जागेवर अभ्यासिका मागत होती. अर्जांच्या पोचपावत्या सुकेशनीच्या पेटीत जपून ठेवलेल्या. तिची प्रियंका आणि वस्तीतल्या आणखी अकरा पोरी विहाराच्या ओट्यावर बसून भरतीचा अभ्यास करत, पाऊस आला की वह्या छातीशी धरून घरी पळत. आता त्या जागेवर सरपंच सूर्यभानच्या साडूचं दूध संकलन केंद्र होणार होतं. कुणाला विचारलं? कुणाला सांगितलं?

गावात बातमीला काय तोटा होता होय? कुणाचं रेडकू हरवलं तरी दहा मिनिटांत 'आपलं गाव' ग्रुपवर फोटो येतो. नळ कधी सुटणार, कुणाच्या नातवाचं बारसं, पूर्ण्याला कोणती गाडी उशिरा, कोण वारलं, सगळं येतं. आणि प्रत्येक बातमीखाली सूर्यभान सगळ्यात आधी अंगठा ठोकतो, मयताच्या बातमीलासुद्धा. पण वस्तीची जागा जाणार, हे टाकायला कुणाचं बोट उठलं नाही. दवंडीचं तर विचारूच नका. ती वेशीपासून मारुतीपर्यंत येते आणि तिथूनच माघारी वळते. वस्तीतली माणसं काय बहिरी आहेत?

"तीन जूनची नोटीस. अठरापर्यंत हरकत मागवली, एकही आली नाही. वीस तारखेला ठराव झाला." आदिनाथनं पाठ केल्यासारखं सांगितलं आणि फाइल तिच्याकडं फिरवली. "नोटीस तुमच्याच विहाराच्या भिंतीला लावली होती, ताई. आणि साक्षीदार तुमच्याच घरचा आहे."

फाइलीत फोटो डकवला होता. विहाराची निळी भिंत, भिंतीवर कागद, आणि कागदाशेजारी धुतलेली टोपी घालून, हात जोडून उभे तिचे सासरे सिताराम.

सुकेशनीचं डोकं फिरलं. सासरे काठी टेकत तिच्यामागं आले होते, दारातच उभे होते.

"मामा, तुमी नोटिशीला खेटून उभं राहिलात अन् मला एका शब्दानं बोलला न्हाईत?"

"भाऊसाहेब म्हनले, हयातीचा फोटो लागायलाय," सिताराम चाचरत म्हणाले. "निराधाराचा पगार पायजे तर जित्ता हाय म्हून दाखवावं लागतंय. मला कुठं वाचता येतंय, बाई. मी म्हनलं, फोटो चांगला काढा अन् सुनंच्या मोबाईलवर बी पाठवा. पाठवला की त्यांनी."

पाठवला होता. घरात सगळ्यांना लय आवडला होता. सुकेशनीनंच शेजारचा कागद कापून टाकला होता. भाऊसाहेबांचा मोबाईल फोटोखाली आपोआप एक काळी पट्टी उमटवतो, गावाचं नाव आणि तारीख-वेळेची, तीही कापली होती. नुसते सासरे ठेवून स्टेटसला लावले होते. कागद कसला आहे, हे वाचायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. बारावी शिकलेली बाई, आणि फोटो बिघडतो म्हणून वस्तीची नोटीस कापून फेकते. तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. म्हाताऱ्यावर काय ओरडायचं, डोळे असून आंधळी तीच होती.

"झालं ना समाधान?" आदिनाथ फाइल मिटायला लागला.

"थांबा." तिनं फाइलीवर हात ठेवला.

फाइलीतल्या फोटोलाही पट्टी नव्हती. वरची कड सरळ, बाजूच्या दोन्ही सरळ, खालची मात्र वाकडी. कात्रीनं कापलेली. तिनं दिसायला बरं म्हणून कापली होती. यानं कशाला कापली?

तिनं मोबाईल काढला. दोन महिन्यांचं सगळं मागं सारत ती आदिनाथनं पाठवलेल्या मूळ फोटोपर्यंत पोचली. दोन बोटांनी पट्टी मोठी केली. एकवीस जून, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

हरकतीची मुदत अठराला संपली. ठराव वीसला झाला. आणि नोटीस भिंतीला लागली एकवीसला, फोटो काढण्यापुरती.

सुकेशनीनं आवाज चढवला नाही. "भाऊसाहेब, खालची पट्टी मी बी कापली होती. पन माझ्याकडं मूळ फोटो हाय. तुमीच पाठवलेला."

आदिनाथनं फाइल आपल्याकडं ओढून घेतली. त्याचं तोंड बघून सिताराम घाबरले. "सुकेशनी, जाऊ दे बाई. माझा पगार बंद करतील."

"जित्त्या माणसाचा पगार कसा बंद करतील, मामा? फोटो हाय की." एवढं बोलून तिनं तो फोटो, काहीही न कापता, 'आपलं गाव' ग्रुपवर टाकला. वर तिन्ही तारखा लिहिल्या.

टेबलावर आदिनाथचा मोबाईल वाजला. त्यानं उचलून पाहिलं. निळी भिंत, नोटीस, हात जोडलेले सिताराम, काळी पट्टी. आणि खाली, नेहमीसारखा न बघताच ठोकलेला, सरपंच सूर्यभानचा अंगठा.