पाठीमागची काच

बाबांच्या आईचा एकही फोटो नव्हता. म्हणून ते सांगतील तसं लिहून लेकीने कॉम्प्युटरला तिचं चित्र काढायला लावलं. एरवी आईचा विषय निघाला की बाबा उठूनच जायचे.

"झालं का गं?"

तिने काम कुठवर आलंय ते तपासलं. "चालू आहे."

"मी सांगितलेलं कमी पडलं असेल. हसताना ती तोंडावर हात धरायची. मला ताप आला की मलाच रागवायची, जसा काही मी मुद्दाम आणलाय!"

लेकीने पुन्हा तपासलं. 'पूर्ण.' आजीचं चित्र स्क्रीनभर उमटलं होतं. तिने स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतली. "वेळ लागतोय, बाबा. बोला तुम्ही."

बाबा पोटभर बोलले. मग डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या पाठीमागच्या कपाटाच्या काचेत ती मला केव्हाची दिसतेय गं. तिच्याकडे बघूनच तर बोलता आलं."