पडद्याआडचं नाव

ओडेसा प्रुइटला एकच गोष्ट सलत होती. जुलैत पक्षाच्या अधिवेशनात तिने ऐन वेळी कच खाल्ली, मत दुसऱ्याला दिलं, आणि तिची मैत्रीण लुएला त्या एका मताने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हरली. ऑगस्टमध्ये लुएला वारली.

नोव्हेंबरात, अलाबामातल्या त्यांच्या चर्चमधल्या मतदान केंद्रावर, ओडेसाने मतदान यंत्राचा लाल दांडा ओढला. तसा तिच्यामागे यंत्राचा पडदा मिटला. समोर उमेदवारांमध्ये पहिलंच नाव लुएलाचं होतं.

या वेळी ओडेसाने कच खाल्ली नाही.

बाहेर येताच मतदारांची यादी घेऊन बसलेला म्हातारा टर्ली म्हणाला, "तूसुद्धा डोळे पुसतेस? सकाळपासून जो तो असाच बाहेर येतोय, बाई! आणि रांग काही संपेना."

ओडेसाने दाराबाहेर पाहिलं. रांग पार दफनभूमीपर्यंत गेली होती. टोकाला तिची आई रविवारची टोपी सावरत उभी होती. ती काळी म्हणून हयातीत तिला कुणी मत देऊ दिलं नव्हतं.