दाराला पटलेला आवाज

मुलांनो, आवाजावरून माणूस ओळखणारं एक दार डोळ्यांसमोर आणा. एका प्रयोगशाळेच्या त्या दाराला मागच्या शंभर वर्षांतल्या शास्त्रज्ञांचे आवाज ऐकवून शिकवलं होतं. ते बहुतेक सगळे शहरातल्या पुरुषांचे होते.

विशाखा तायडे तिथे अकरा वर्षं जंतूंवर संशोधन करत होती. रोज सकाळी ती आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगे, "मी तायडे हाव, उघड बापा." रोज दार म्हणे, "सफाईच्या बाईंनी दुपारी यावं." मग आतून कुणीतरी हसत येई. "अहो तायडेबाई, जरा पुस्तकातल्यासारखं बोला की!"

आज ती राजीनामा घेऊन आली होती. सोबत तिची आठ वर्षांची लेक चारू होती.

"माय, नोकरी काऊन सोडून राह्यली व?" चारूने विचारलं.

"मी कोन हाव, हे रोज उठून किती सांगू, बाई? थकली मी."

चारू दारापुढे उभी राहिली. हनुवटी छातीला टेकवून ती जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी शास्त्रज्ञ आहे. दार उघडा."

"सुप्रभात, सर," म्हणत दार उघडलं.

विशाखा हसली नाही. ती आत गेली, राजीनाम्याचं पाकीट टेबलावर ठेवून बाहेर आली आणि लेकीचा हात धरून चालू लागली.

"भूक लागली का व तुले?" वाटेत तिने विचारलं.

चारूने हनुवटी पुन्हा छातीला टेकवली आणि त्याच जाड आवाजात आईला उत्तर दिलं, "हो, लागली आहे."