पाणी जातं कुठं

रुंगनपा पुराच्या गणितावर पीएचडी करत होती. आपलं संशोधन लोकांना सोप्या भाषेत सांगायला ती आज नदीकाठच्या एका गावात आली होती. बुद्धविहाराचा मंडप माणसांनी भरला होता. "समीकरणं नकोत, आणि गावांची नावं तर अजिबात नकोत," असं तिच्या सरांनी गाडीतच बजावलं होतं. आता ते पहिल्याच रांगेत बसले होते.

तिने परातीत ओल्या मातीची नदी केली आणि वरून पाणी ओतलं. "पूर आला की नदीचा बांध एका ठिकाणी आपणच फोडायचा. मग खालचं अख्खं शहर वाचतं. तो कुठं फोडायचा, हे माझं गणित शोधतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून म्हातारे प्रयूनकाका उठले.

"आणि फोडल्यावर ते पाणी जातं कुठं, पोरी?"

सरांनी हळूच नकारार्थी मान हलवली. रुंगनपा परातीतली माती उगाच थापू लागली.

"इतकं सगळं पोराबाळांना कळेल असं सांगितलंस. मग एवढ्यापाशीच का अडलीस?" काकांनी विचारलं.

तिने सरांकडे बघायचं टाळलं. "इथं येतं, काका. याच गावात."

आता शिव्या पडणार, असं तिला वाटलं.

"आम्हाला किती आधी कळेल?" काकांनी विचारलं.

"तीन दिवस."

"म्हणजे या वेळी म्हशी तरी सोडता येतील," काका खाली बसत म्हणाले. "मागच्या वेळी बांध फोडल्याचं सांगायला पाणीच आलं होतं."