बिननावाचे पेले

जेवणाचं ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून वॉर्डातली मुलगी मागे सरली. "मावशी, मी गेले की घ्या."

भिमाबाईंनी ताट घेतलंच नाही.

गळ्यातली कॅन्सरची गाठ काढून झाली होती. उरल्यासुरल्या पेशींसाठी किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी दिली होती. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. त्या पेशी आयोडीन ओढून घेतात आणि त्यानंच मरतात. पण काही दिवस तुमच्या अंगातून किरणं निघणार, थुंकीतून, घामातून औषध बाहेर पडणार. पाणी भरपूर प्या. सुनेपासून लांब राहा. पोटातल्या बाळाचा गळाही आयोडीन ओढतो.

भिमाबाईंच्या कानात एवढंच राहिलं.

ताट वेगळं.

पेला वेगळा.

लांब.

गावच्या हॉटेलाबाहेर कुडात खोचलेला, कान तुटलेला कप. त्यांचा बाप त्यात चहा प्यायचा. स्वतः विसळायचा. परत कुडात खोचायचा.

म्हणून चिखलीच्या घरात एकाही भांड्यावर नाव नव्हतं. दुकानदार विचारायचा, "नाव काय घालू?" भिमाबाई म्हणायच्या, "काही नको." ज्याच्या हाती जो पेला येईल, तो त्याचा. आल्यागेल्याचाही.

दवाखान्यातून घरी आल्या, तर त्यांच्या खोलीत नवा कोरा पेला.

"हा कुणाचा रे, भूषण?"

मुलगा खाली बघत राहिला. "आई, थोडेच दिवस..."

"उचल तो."

त्याने पेला कोपऱ्यात सरकवला. तहानेनं जीभ टाळूला चिकटली, तरी भिमाबाईंनी त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात सून उभी. दीक्षा. सातवा महिना. भूषणनं तिला मुद्दाम पिंपरीला माहेरी धाडलं होतं.

"तू कशाला आलीस?" भूषणनं विचारलं.

"आई पाणी पीत नाहीत, असं तूच सांगितलंस ना फोनवर."

तिनं फळीवरचा एक पेला घेतला, भरला, त्यातलाच एक घोट घेतला. मग तो पुढे धरून सासूच्या खोलीकडे निघाली. "घ्या आई. आपल्या घरात कुणाचा पेला वेगळा नसतो."

भिमाबाईंचा हात आपोआप पुढे झाला. पेल्यामागे दीक्षाचं पोट दिसलं.

"लांब हो."

लहानपणापासून ऐकलेले शब्द. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले.

दीक्षा उंबऱ्यावर थबकली. भिमाबाईंनी कोपऱ्यातला नवा पेला ओढला, खोलीतल्या माठातून भरला, गटागटा प्याल्या. पुन्हा भरला. पुन्हा प्याल्या. मग पदराची पिन काढून पेल्याच्या काठाखाली खरडत बसल्या.

"आई, काय करताय?"

"नाव घालतेय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "चुकून तू प्यायचीस."