लाहोरी लुटारू

"गुड मॉर्निंग, मिस्टर मकफी. काय देऊ?"

काउंटरपलीकडून बशारत असं म्हणाला आणि आर्ची मकफी बघतच राहिला. तीस वर्षं हा माणूस त्याला 'खवचट थेरड्या' म्हणत आला होता.

"पेपर. आणि चार पाव," आर्ची म्हणाला. 'कालचेच विकतोस का रे, लाहोरी लुटारू?' हे पुढचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

तीन आठवड्यांपूर्वी नेमकं तेच वाक्य दुकानात कुणीतरी ऐकलं होतं. "शिळ्या माणसाला ताजा पाव पचत नाही," असं बशारतने त्यावर सुनावलं होतं, ते मात्र ऐकणाऱ्याने लिहिलं नाही. द्वेषाची बोलणी पोलिसांना कळवण्यासाठी वाचनालयात ठेवलेला अर्ज त्याने भरून टाकला, स्वतःचं नाव न घालता. मग आर्चीच्या घरी दोन पोलीस आले. माणसं सभ्य होती, चहाही प्यायली. गुन्हा काही नाही, म्हणाले, पण द्वेषाची घटना म्हणून नोंद राहील.

"अहो, ज्याला बोललो त्यालाच विचारा की!"

विचारलं होतं. त्याला काही वाटलं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला वाटलं, तेवढं नोंदीला पुरेसं होतं.

आर्ची दर उन्हाळ्यात क्लाइड नदीवर शाळेच्या मुलांना वल्हवायला शिकवायचा. त्यासाठी पोलिसांकडची नोंद तपासली जायची; यंदाच्या त्या पडताळणीच्या अर्जावर सही करायला त्याचा हात धजावला नाही. आता शनिवारी तो खिडकीतूनच होड्या बघतो.

"बशारत," त्याने विचारलं, "खरं सांग. तुला कधी लागलं का रे माझं बोलणं?"

बशारतने पाव पिशवीत भरता भरता हात थांबवला.

"एकदा. दुकानाची काच कुणीतरी फोडली होती ना, त्या सकाळी. तू दारातूनच नेहमीसारखा ओरडत आलास. मग तुला काचा दिसल्या."

"मी झाडल्या होत्या त्या."

"दुपारपर्यंत झाडत होतास. मी मात्र पोलिसांकडे तीन खेपा घातल्या." बशारत जरासा हसला. "तेव्हा तक्रार लिहून घ्यायला कुणी साधा कागद पुढे ओढला नाही."

आर्चीला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. बाबागाडी ढकलत एक तरुण बाई आत आली. बशारत ताठ उभा राहिला.

"आणखी काही, सर?"

आर्चीने बाईकडे पाहिलं. तो अर्ज भरणारी ही असेल? हल्ली तो सगळ्यांकडेच असं बघायचा: बसमधल्या माणसांकडे, शेजारणीकडे, चर्चमधल्या पाठमोऱ्या डोक्यांकडे. बाई मोकळेपणाने हसली.

"छान ऊन पडलंय आज, नाही?"

"हो," आर्ची म्हणाला. एवढ्या एका शब्दातही काही वावगं तर नाही ना, हे त्याने मनात तपासून पाहिलं.

बाई दुधाच्या कपाटाकडे वळली. बशारत पिशवी द्यायला पुढे वाकला आणि ओठ फारसे न हलवता म्हणाला, "उद्या सहाला ये. दुकान उघडायच्या आधी. मागच्या दाराने."

"कशाला?"

"तीन आठवडे झाले, मला कुणी लुटारू म्हटलेलं नाही, थेरड्या."

आर्चीने मान हलवली, पिशवी उचलली आणि बाहेर पडला.

घराकडे न वळता तो दुकानाला वळसा घालून गल्लीत शिरला. तीस वर्षांत मागचं दार कुठे आहे, हे बघायची वेळच आली नव्हती. कचऱ्याच्या डब्यांमागे ते सापडलं. लोखंडी होतं, गंजलेलं. आर्चीने आजूबाजूच्या खिडक्यांवर नजर टाकली. मग बोटाच्या पेराने दारावर हळूच एक टकटक केली आणि आवाज कुठवर जातो ते कान देऊन ऐकत राहिला.