लॉयडच्या बिअरचं गौडबंगाल

आकडा पुन्हा चढला होता. लॉयड डीट्झने चष्मा पुसला, तळघरातल्या बल्बखाली वाकून, बादलीतून काढलेल्या बिअरमध्ये तरंगणारी काचेची नळी पुन्हा पाहिली. अठ्ठावीस! सोमवारी तीस, मंगळवारी बारा आणि आज बुधवारी अठ्ठावीस.

बिअर आंबते तशी तिच्यातली साखर संपत जाते आणि आकडा खाली येतो. तो वर चढत नाही. निदान त्याच्या शेबॉयगन गावात तर नाहीच.

घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातल्या मित्रांनी ही नळी त्याला वाढदिवसाला दिली होती. त्याआधी अकरा वर्षं त्याने सगळं अंदाजपंचेच केलं होतं. तरी दर वर्षी क्लबच्या स्पर्धेत त्याचीच बिअर पहिली यायची. शनिवारी पुन्हा स्पर्धा, त्याआधी बाटल्या भरायच्या. साखर शिल्लक असताना भरल्या तर बाटल्या बॉम्बसारख्या फुटणार.

त्याने क्लबातल्या गॉर्डीला फोन लावला.

"नळी साध्या पाण्यात घालून बघ," गॉर्डी म्हणाला.

"बघितली. बरोबर दाखवते."

"बुडबुडे चिकटले असतील. गरगर फिरव तिला."

"इतकी फिरवली, मलाच चक्कर आली!"

"मग लेका, तुझी बादली बदललीय कुणीतरी," म्हणत गॉर्डी खो खो हसला.

लॉयड हसला नाही. मोजून झालेली बिअर त्याने नेहमीसारखी मोरीत ओतली. भरण्याआधी चाखणं अपशकुनी, असं तो मानायचा. मग त्याने बादलीच्या बुडाला लाल चिकटपट्टीचा एक तुकडा लावला.

गुरुवारी शाळेची बस जागेवर लावून तो तडक तळघरात उतरला. आकडा दहा. त्याने बादली तिरकी करून बूड पाहिलं. लाल पट्टी नव्हतीच.

"व्हर्ना!"

त्याची बायको धुण्याची टोपली घेऊन जिना उतरली. त्याच्या हातातली तिरकी बादली पाहून ती शेवटच्या पायरीवरच थबकली. टोपली खाली ठेवून तिने जिन्याखालचा ख्रिसमसच्या झाडाचा खोका बाजूला सरकवला. मागे तश्शीच दुसरी पांढरी बादली होती.

"ही तुझी," ती म्हणाली. "गरम पाण्याच्या टाकीशेजारी उबेला एकाच बादलीला जागा आहे. तू बस घेऊन गेलास की मी माझी तिथे ठेवते. तू यायच्या आत परत बदलायची असते. मंगळवारी राहून गेलं. आजही."

"तुझी? तुला कुठे येते बिअर करायला?"

"माझ्या बापाने स्वयंपाकघरात शिकवलीय. पहिल्या वर्षी बाटल्या भरायच्या आठवडाभर आधी मी तुझी चाखली, लॉयड. लोकांना पाजण्यासारखी नव्हती रे ती! म्हटलं, एवढी एकच खेप आपण करू आणि भरायच्या दिवशी तुझ्या जागी ठेवू. पण तू पहिला आलास आणि क्लबात टेबलावर चढून नाचलास. मग कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

"म्हणजे दर वर्षी...?"

"दर वर्षी. तुझी मी गुलाबांना घालते. त्यांना मानवते."

लॉयड पायरीवर मटकन बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट. दोन्ही हातांनी गुडघे बडवत तो हसत सुटला. व्हर्नाने चक्क धुण्यातल्या टॉवेलात तोंड खुपसलं आणि तीही खिदळू लागली.

"शनिवारी टेबलावर तू चढायचंस," डोळे पुसत तो म्हणाला. "मी खालून टाळ्या वाजवणार. गॉर्डीचं तोंड मला बघायचंय."

मग तो उठला. जिन्याखालच्या बादलीतून त्याने काठोकाठ पेला भरला, बायकोपुढे ऐटीत उंचावला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या हातची बिअर तोंडाला लावली.